मागची बाजू दाखवा

जुलै अर्धा सरला की माझ्या फोनवर दोनच तक्रारी फिरून फिरून येतात. 'दार लागत नाहीये' ही एक आणि 'कपाट उघडलं की वास येतोय' ही दुसरी. पहिलीला भयंकर घाई असते, कारण बाथरूमचं दार लागत नसेल तर घरात पाहुणा बोलावता येत नाही. दुसरीला लोक डांबरगोळ्यांच्या भरवशावर गणपतीपर्यंत ढकलतात. मी वेळ देताना हा क्रम उलटा करतो, आणि त्यावरून दरवर्षी कुणी ना कुणी माझ्यावर रागावतं.

पुण्याची हवा लाकडाला छळते. मुंबईत बारा महिने दमट, लाकूड एकदा फुगलं की बऱ्यापैकी तसंच राहतं. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच मुक्काम ठोकते. पाऊस म्हणाल तर वर्षाला ७००-७५० मिलिमीटर, मुंबईच्या मानाने काहीच नाही. पण घरातल्या लाकडाचा व्यवहार पावसाशी कमी आणि हवेशी जास्त. आर्द्रता ३० टक्के असताना लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी बाळगतं. ८० टक्के झाली की १६. हे जास्तीचं पाणी घेताना ते रुंदीला वाढतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून तुमचं दार उंचीला अडत नाही, कडीच्या बाजूला अडतं.

अशा वेळी कोपऱ्यावरच्या सुताराला बोलावून दार रंधून घेणं हा सर्वमान्य उपाय. श्रावणात रंधा मारला की दार लगेच लागतं, सुतार चहा पिऊन जातो आणि सगळे खूश. मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून पाल आत येते. त्याहून वाईट म्हणजे रंधलेली कड तशीच उघडी राहते. रंग नाही, पॉलिश नाही. पुढच्या पावसाळ्यात ती कोरी कड आणखी पाणी पिते आणि दार पुन्हा अडतं. सदाशिव पेठेतल्या एका आजींना मी म्हटलं, "आजी, दिवाळीनंतर करू. आत्ता लाकूड कापायचं नाही." त्या म्हणाल्या, "मग दिवाळीपर्यंत मी दार धरून बसू का?" गौरी चार दिवसांवर आल्या होत्या. पाहिलं तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन दार खांद्यातून उतरलं होतं, फुगवटा नावापुरता. बिजागरी घट्ट केली, कडेला मेणबत्ती घासली. निम्म्या वेळा हे एवढंच असतं. नोव्हेंबरात जाऊन ते दार उतरवलं आणि वरची-खालची कड रंगवली. पन्नास वर्षांच्या त्या दाराच्या खालच्या कडेला तोवर ब्रश लागलेला नव्हता. दार उतरवल्याशिवाय ती कड रंगवता येत नाही आणि रंगारी दार उतरवत नाही, एवढंच कारण. घरी खात्री करायची असेल तर मोबाइलचा कॅमेरा दाराखाली सरकवून फोटो काढा. बहुतेकांना कोरं लाकूड दिसेल.

आमच्या कामात आता राजस्थानी कारागीर बरेच. हात बारीक, कामाला चिवट. पण नवा मुलगा आला की पहिल्या वर्षी तो दारं, ड्रॉवर इतके घट्ट बसवतो की कागद सरकू नये. त्याच्या गावच्या कोरड्या हवेत तेच चांगलं काम. "इतना गॅप?" म्हणून माझ्याकडे संशयाने बघतो. जुलैत त्याच्याच हातचा ड्रॉवर उघडायला दोन माणसं लागली की काही समजावावं लागत नाही.

आता वासाबद्दल.

पावसाळी वारा आपल्याकडे नैर्ऋत्येचा-पश्चिमेचा. त्यामुळे इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस थेट बसतो. बावधन, वारजे, कोथरूड या बाजूला पाऊस हडपसरपेक्षा जास्त, म्हणून तिकडे हे दुखणंही जास्त. बाहेरच्या गिलाव्याला केसाएवढी भेग असली तरी पुरते. पाणी आत झिरपतं, आणि त्याच भिंतीला आतून लागून, जमिनीपासून छतापर्यंत ठोकलेलं कपाट असतं. त्याचा पाठीचा प्लाय सहा मिलिमीटरचा, भिंतीकडची बाजू कोरी. तिथे हवा नाही, उजेड नाही. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की बुरशीला राहायला घर मिळतं. समोरून सनमायका चकचकीत असते. मागे काळ्या-हिरव्या ठिपक्यांचा नकाशा उमटलेला असतो. लोकांना पहिल्यांदा कळतं ते पैठणीवर पांढुरका थर दिसल्यावर.

डांबरगोळी, कापूर, कडुनिंबाचा पाला यांनी कीड लांब राहत असेल. ओल एक थेंबही कमी होत नाही. वासावर वास चढतो. ओलावा शोषणारे डबे मिळतात, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. लहान बंद कप्प्यात ते खरंच पाणी ओढतात. पण मागून भिंत पाणी पुरवत असेल तर तुम्ही डबे विकत घेत राहाल आणि भिंत पाणी देत राहील. त्यामुळे मी गेल्या गेल्या कपाट बघत नाही, आधी भिंत बघतो. भिंतीपलीकडे काय आहे? बाहेरची हवा, शेजाऱ्याचं न्हाणीघर, की वरच्या मजल्यावरून उतरणारा पाइप? वरच्यांचा पाइप निघाला की माझं काम थांबतं आणि सोसायटीची सभा सुरू होते. गळतीच्या विषयावरची पुणेरी सभा ज्याने पाहिली आहे त्याला मी काय सांगावं. एका ठिकाणी दोन पावसाळे पत्रव्यवहार चालला, तोवर कपाटाचा तळ बोटाने टोकरता येईल इतका मऊ झाला. भिंत कोरडी होईपर्यंत सुतार बोलावू नका, असं सुतारकामाचा ठेकेदार असून मी सांगतो.

भिंत दुरुस्त झाली की पुढचं सोपं आहे. कपाट आणि भिंत यांच्यात इंचभर जागा, पाठीच्या प्लायला भिंतीकडूनही लॅमिनेट किंवा निदान सीलरचे दोन हात, आणि वर-खाली हवेला वाट. एवढ्यावर कपाट वर्षानुवर्षं टिकतं. आणि एक बारीक गोष्ट. पावसाळ्यात बेडरूममध्ये स्टँडवर कपडे वाळत घालता आणि खिडकी बंद करता. त्या कपड्यांमधलं पाणी खोलीतच राहतं आणि खोलीतल्या सगळ्यात गार जागी, म्हणजे बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे, जाऊन बसतं. दिवसातून तासभर कपाटाची दारं उघडी टाकून पंखा लावणं हा बिनपैशाचा उपाय आहे. बिनपैशाचा म्हणूनच कुणी करत नाही.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गिऱ्हाइकाला घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "वॉटरप्रूफ आहे ना?" दुकानदार 'हो' म्हणतो, कारण 'नाही' म्हणणाऱ्याचा प्लाय कुणी घेत नाही. भारतीय मानकांप्रमाणे घरगुती प्लायचं मानक आयएस ३०३. त्यात एमआर ही प्रत येते, ती हवेतल्या दमटपणापुरती. सिंकखाली ती घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आयएस ७१० हा मरीन प्लाय. त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. पण या चाचणीचा अर्थ लोक चुकीचा लावतात. उकळून बघतात तो थरांमधला गोंद. थर सुटले नाहीत तर प्लाय पास. पाणी आत शिरलंच नाही असं ती चाचणी कुठेही म्हणत नाही. मरीन प्लायही पाणी पितो, फुगतो, वाळतो. फक्त त्याचे पदर सुटत नाहीत. त्यातला फिनॉलचा गोंद गडद तपकिरी दिसतो. हे गिऱ्हाइकांना कळायला लागलं तसे बाजारात पांढऱ्या गोंदाचे प्लाय लाल रंगात बुडवून यायला लागले. म्हणून रंगावर जाऊ नका, आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा नंबर वाचा, बिल त्याच नावाने घ्या.

भुशाच्या बोर्डाचं तसं नाही. त्याला एकदा पाणी लागलं की चहात बुडवलेल्या खारीसारखा तो फुगतो आणि वाळला तरी पूर्वीच्या जाडीवर परत येत नाही. एमडीएफही त्याच वाटेने जातो, जरा सावकाश. हिरव्या गाभ्याचे ओलावारोधक बोर्ड मिळतात, ते साध्यापेक्षा नक्की बरे. पण हिरवा रंग ही ओळखीची खूण आहे, पाणी रोखतो तो त्यातला राळेचा आणि मेणाचा भाग. भाड्याच्या घरात चार वर्षं राहायचंय, पुढे बदली आहे, अशा जोडप्याला मी स्वतः भुशाच्या बोर्डाचं कपाट घ्यायला सांगतो. मरीन प्लायचं कपाट चौथ्या मजल्यावरून उतरवताना त्यांना मलाच दोष द्यावासा वाटेल. प्रश्न बोर्ड कुठला यापेक्षा तो कुठे ठेवलाय आणि त्याची कड उघडी आहे का, हा असतो.

कड म्हणजे काय, तर जिथे जिथे करवत किंवा ड्रिल लागलं ती प्रत्येक जागा. कंपनीतून आलेला बोर्ड दोन्ही अंगांनी लॅमिनेटने झाकलेला असतो. आपण त्याला कापतो, बिजागरीसाठी ३५ मिलिमीटरचा खड्डा घेतो, नळाच्या पाइपसाठी भोक पाडतो, ओट्याखाली सिंकसाठी जागा करतो. दिसणाऱ्या कडेला पट्टी चिकटते, कारण ती दिसते. पाइपच्या भोकाच्या आतली बाजू कोण बघणार? स्वयंपाकघरातलं बहुतेक नुकसान तिथून सुरू होतं. सिंकखालचा सांधा धो धो गळत नाही, तो घामेजतो. पाण्याचा एकेक थेंब पाइपवरून उतरत भोकाच्या कडेला थांबतो, आणि कचऱ्याची बादली, फिनेलची बाटली, जुनी फडकी यांच्या आड महिनोन्‌महिने हे चालतं. मी सिंकखालचा कप्पा मोकळा करून तळाला ॲल्युमिनियमचा ट्रे घालतो. पाणी थांबवायला नव्हे, ते दिसावं म्हणून. दुसरी जागा शेगडीवरच्या कपाटाची खालची कड. कुकरच्या शिट्टीची वाफ तिथे रोज बसते. कुकर चिमणीखाली सरकवा, बस्स.

देव्हाऱ्यांचं दुखणं वेगळंच. सागवानी देव्हारा पुसून लख्ख, पण रोजच्या अभिषेकाचं पाणी ताम्हनातून निसटून तळाच्या फळीच्या सांध्यात जातं. फळी उलटी केल्याशिवाय कळत नाही, आणि देव हलवायला कुणी तयार नसतं. मग मुहूर्त बघून ये म्हणतात.

ट्रॉल्यांची खालची पट्टी फुगली की खापर घरोघरी फरशी पुसणाऱ्या मावशींवर फुटतं. "किती पाणी घेतात बघा!" मी नेहमी मावशींच्या बाजूने बोलतो. फरशी पाण्यानेच पुसतात. लाकडाचं काम फरशीवर टेकवलंच का, हा प्रश्न मावशींना विचारायचा नसतो, मला विचारायचा असतो. चार इंची प्लॅस्टिकचे पाय मिळतात, त्यावर सगळं स्वयंपाकघर उभं राहतं, पुढे काढता येणारी पट्टी बसते. तरीही पैसे वाचवायला फरशीवर प्लायची चौकट ठोकून वर कपाट मांडणारे आहेत.

आपल्या गावाला हे शिकवायची गरज पडू नये. पेठांमधल्या कुठल्याही जुन्या वाड्यात खांबाच्या पायाशी बघा. लाकडी खांब जमिनीत रोवलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो, आणि तळखडा दगडी जोत्यावर. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबाग वाड्यात सुरूदार खांबांची नक्षी बघायला लोक माना वर करतात. मी गिऱ्हाइकांना खाली बघायला सांगतो. खांबाचं आडवं कापलेलं टोक हीच लाकडाची सगळ्यात तहानलेली जागा, उभ्या अंगापेक्षा ती पाणी कितीतरी वेगाने ओढते. त्या सुतारांनी ते टोक मातीपासून तोडलं, छपराची पागोळी खांबापासून लांब पडेल अशी वळचण काढली. त्या काळात ना सिलिकॉन होतं ना सीलर.

पाणी घरात शिरतं तेव्हा मात्र सगळा हिशेब बदलतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटून वाहिला, अरण्येश्वरची टांगेवाले कॉलनी आणि ओढ्याकाठच्या कित्येक सोसायट्या पाण्यात गेल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. त्यानंतरचे काही आठवडे मी त्या बाजूला बिनपैशाचा फिरत होतो, कारण अशा घरी जाऊन बिल लिहायला हात होत नाही. प्रत्येक घराबाहेर फर्निचरचा ढीग. भुशाच्या बोर्डाचे बेड उचलताना हातात तुकडे येत होते. ज्यांच्याकडे बापजाद्यांचं सागवानी टेबल होतं, त्यांनी ते नळीने धुऊन कोपऱ्यात उभं केलं होतं.

तिथे एकच गोष्ट मी घसा बसेपर्यंत सांगितली: उन्हात टाकू नका. पाऊस उघडून ऊन पडलं की पहिली इच्छा तीच होते. ओलं लाकूड उन्हात एका अंगाने वाळतं, दुसऱ्या अंगाने ओलं राहतं, आणि वाकतं किंवा तडकतं. सनमायकाचे पोपडे निघतात. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, कारण गाळ पाणी धरून ठेवतो. दारं, ड्रॉवर सुटे करा. ड्रॉवर अडकला असेल तर पुढून हिसकू नका, मूठ हातात येईल. पाठीचा प्लाय काढा आणि मागून ढकला. मग सावलीत, पंख्याखाली, खाली विटा लावून, महिनाभर तरी. वाळलंय असं वाटतं तेव्हा ते वाळलेलं नसतं. सुया टोचून ओलावा मोजायचं छोटं यंत्र येतं, त्यावर १५ च्या खाली आकडा आल्याशिवाय मी रंधाही लावत नाही, पॉलिशही नाही. ओल आत ठेवून वरून पॉलिश मारलं तर ते पांढरं पडतं, आणि लाकूड आतून कुजतं.

शनिवार पेठेत माझ्याकडे दुरुस्तीला आलेलं एक कपाट १२ जुलै १९६१ च्या पुरातून आलेलं होतं, पानशेत धरण फुटलं त्या पुरातून. मालक त्या वेळी शाळेत होते. पाणी ओसरल्यावर कपाटाचे सगळे सांधे सुटे झाले होते, कारण ते सरसाने जोडलेले आणि सरस पाण्यात विरघळतो. त्यांच्या वडिलांनी सुट्या फळ्या माळ्यावर ठेवल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात सुताराकडून पुन्हा जोडून घेतल्या. खाच-कुसवाचे सांधे होते, त्यामुळे सुटले तरी तुटले नव्हते. आजच्या एखाद्या कपाटाबद्दल असं म्हणता येईल का, असं ते मला विचारत होते. मी प्लायच्या बाजूने बोललो. सागवानाचा आजचा भाव सांगितल्यावर तेही गप्प झाले.

सध्या मी कोटेशनमध्ये एक ओळ वेगळी लिहितो: 'मागची बाजू, खालची कड व भोकांच्या आतली बाजू सील करणे.' पुढे रक्कम. कामाच्या मानाने ती किरकोळ असते, पण वेगळी दिसते म्हणून खटकते. मागच्या महिन्यात बाणेरला एका तरुण जोडप्याने नेमक्या त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"काका, हे काय आहे? हे तर कुणाला दिसणारच नाही."

"म्हणूनच वेगळं लिहिलंय."

"हे काढलं तर किती कमी होईल?"

"ते काढायचं असेल तर दुसरा सुतार बघा. कपाटातले ते पट्टीचे दिवे काढू या, ते याच्या तिप्पट आहेत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिव्यांचे फोटो आधीच मित्रमंडळींत फिरले असावेत. बराच वेळ हिशेब झाला, फोनवर तिच्या वडिलांचं मत घेतलं गेलं. वडील बहुधा जुन्या पेठेतले, कारण त्यांनी ती ओळ ठेवायला सांगितली. शेवटी दिवेही राहिले, सीलिंगही राहिलं, आणि कात्री लॉफ्टच्या दारांना लागली. तिथे तूर्त पडदा लावलाय.